डिस्ट्रो निवडण्याआधी कॅलेंडर पाहावे

वडिलांच्या लॅपटॉपवर मी मोठ्या हौसेने लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवून दिली, तेव्हा तिचे वितरण (डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार संच) मात्र माझ्या आवडीचे निवडले: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढणारे, ज्यात कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ताजा, डेस्कटॉप ताजा, सगळेच ताजे. त्यांना सवयीची असलेली खालची पट्टी त्या डेस्कटॉपवर मुळात नव्हती, म्हणून एक एक्स्टेंशन, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, टाकून ती आणून दिली. पुढची आवृत्ती चढवली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"अरे, खाली ती पट्टी होती ना, ती कुठे गेली?"

बिघडलेले काहीच नव्हते. डेस्कटॉपच्या नव्या आवृत्तीसाठी ते एक्स्टेंशन अजून तयार झाले नव्हते, त्यामुळे ते आपोआप बंद पडले होते. मी हे सगळे फोनवर समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे मी काही केलं नाही ना?" मी म्हणालो, "नाही बाबा, तुम्ही काहीच केलं नाही." त्यावर ते म्हणाले, "मग बदललं कुणी?"

लिनक्सचे कोणते वितरण घ्यावे, या प्रश्नावर मी पुष्कळ वाचले आहे आणि थोडेबहुत वादही घातले आहेत. पण माझ्या मते निवडीचा मुख्य मुद्दा वडिलांच्या त्या प्रश्नातच आहे. आपल्या संगणकात बदल कोण करणार, किती दिवसांनी करणार आणि तो बदल निस्तरण्यासाठी आपल्याकडे वेळ असणार का, हे आधी ठरले की बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला कर्नल सगळ्या वितरणांत मुळात एकच असतो. त्याच्याभोवतीची हजारो पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामचे तयार गठ्ठे, गोळा करून, ती एकमेकांशी जुळवून, तपासून आपल्यापर्यंत पोहोचवणे हे वितरणाचे काम. स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन्ही वितरणे १९९३ पासून हेच करत आहेत आणि आजही चालू आहेत. पॅकेज चढवण्याची आज्ञा एका ठिकाणी एपीटी, दुसरीकडे डीएनएफ, तिसरीकडे पॅकमॅन असते. नवख्या माणसाला हा फरक मोठा वाटतो, पण तो एका दुपारी अंगवळणी पडतो. वितरणाच्या वेळापत्रकाशी मात्र वर्षानुवर्षे जुळवून घ्यावे लागते.

सर्वांत जास्त गोंधळ 'स्थिर' या शब्दाने होतो. डेबियनची स्थिर शाखा म्हणजे कधीही न कोसळणारी शाखा, असे बहुतेक जण समजतात. तिथे स्थिर याचा अर्थ न बदलणारी असा आहे. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आले आणि डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये. मधल्या दोन वर्षांत सुरक्षेच्या त्रुटी आणि गंभीर दोष दुरुस्त होत राहिले, पण पॅकेजांच्या आवृत्त्या सहसा होत्या तिथेच ठेवल्या गेल्या. त्यामुळे एखाद्या प्रोग्राममधील किरकोळ दोष आज आपल्याला छळत असेल, तर तो पुढच्या वर्षीही तसाच छळण्याची शक्यता असते. हे ऐकायला तोट्याचे वाटते, परंतु ओळखीच्या दोषाभोवती आपण वाट काढून ठेवलेली असते आणि तीच वाट पुढच्या आठवड्यातही चालते. ज्याला संगणक हे केवळ कामाचे साधन म्हणून हवे आहे, त्याच्यासाठी हा सौदा उत्तम आहे.

उबुंटूने यात मधला मार्ग काढला. त्याचे आवृत्ती-क्रमांकच मुळी तारखा असतात: पहिली आवृत्ती ४.१०, म्हणजे ऑक्टोबर २००४ ची. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी असते आणि तिला पाच वर्षे अपडेट मिळतात. अधल्यामधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने मिळतात. संकेतस्थळावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात आणि नवा माणूस साहजिकच मोठ्या क्रमांकाची आवृत्ती उतरवून घेतो. वर्ष उलटायच्या आत त्याला सगळे पुन्हा बदलावे लागते. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती फक्त एलटीएसवरच उभी असते, त्यामुळे तिथे ही चूक करायला वावच राहत नाही. नवशिक्यांना मिंट सुचवण्यामागे माझे हे एक मोठे कारण आहे. फेडोरा दुसऱ्या टोकाच्या जवळ आहे: साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिन्यांचे आयुष्य, म्हणजे वर्षातून किमान एकदा मोठा बदल ठरलेलाच.

आणि मग आर्च किंवा ओपनसूझे टम्बलवीड यांसारखी सतत पुढे सरकणारी वितरणे. इथे आवृत्ती अशी नसतेच. पॅकेजे तयार होतील तशी येत राहतात. अशाच एका वितरणावर मी पाच वर्षे आनंदाने काम केले. एकदा तो संगणक अडीच महिने बंद होता. चालू करून अपडेट मागवले, तर शेकडो पॅकेजे उतरली आणि एकही स्वीकारले जाईना, कारण पॅकेजांवरच्या डिजिटल सह्या पडताळण्याच्या किल्ल्याच माझ्याकडे जुन्या झाल्या होत्या. उपाय एका ओळीचा होता: किल्ल्यांचे पॅकेज आधी चढवायचे आणि बाकीचे नंतर. ती ओळ सापडेपर्यंत संध्याकाळ संपली. यात वितरणाचा दोष नव्हता. नियमित अपडेट करा, असे तिथे स्पष्ट लिहिलेले होते. अशा वितरणाला रोज थोडे पाणी घालावे लागते आणि मी कुंडी सोडून गावाला गेलो होतो, इतकेच.

ताजेपणा आणि सुरक्षितता या दोन गोष्टी एकच नाहीत, हे २०२४ च्या मार्चमध्ये फार स्पष्टपणे दिसले. एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कॉम्प्रेशनच्या साधनात, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये, कुणीतरी पद्धतशीरपणे चोरवाट पेरली होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या साधनाने, लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले आणि त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला. त्या आवृत्त्या तोपर्यंत डेबियनच्या चाचणीच्या शाखांत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत आणि टम्बलवीडमध्ये पोहोचल्या होत्या. डेबियन स्थिर आणि उबुंटू एलटीएस वापरणाऱ्यांपर्यंत त्या आल्याच नव्हत्या. अर्थात याची दुसरी बाजूही आहे: ताजे घेणाऱ्यांपैकीच एकाने ती चोरवाट पकडली. सगळ्यांनी दोन वर्षे जुने वापरले असते, तर ती दोन वर्षांनी सगळ्यांकडे निमूटपणे येऊन बसली असती.

वेळापत्रक मनाशी ठरले तरी यंत्र त्यात ढवळाढवळ करते. लॅपटॉप अगदी नवा असेल, तर त्याचे वाय-फाय किंवा ग्राफिक्स ओळखण्याइतका नवा कर्नल लागतो आणि दोन वर्षे जुन्या स्थिर शाखेत तो नसण्याची शक्यता असते. अशा वेळी फेडोरा किंवा नव्या कर्नलचा पर्याय देणारे उबुंटू एलटीएस सोयीचे पडते. यंत्र जुने असेल, तर आधी त्याचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे का, हे पाहावे. डेबियन १३ पासून तिथेही ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. मेमरी ४ जीबी असेल, तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप थोडीफार मदत करतो, पण खरी मेमरी ब्राउझर खातो आणि तो सगळीकडे सारखाच खातो. 'हलके वितरण' शोधत चार रात्री जागण्यापेक्षा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने जास्त फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून काहीही चढवण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सत्र, म्हणजे संगणकावर न बसवताच चालणारे लिनक्स, चालवावे आणि ते नुसते पाहून 'छान दिसते' म्हणून बंद करू नये. मी दर वेळी एकाच क्रमाने तपासतो. वाय-फायला जोडतो आणि ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ लावतो. आवाज आणि प्रकाश कमी-जास्त करणारी बटणे दाबून पाहतो. हेडफोन लावतो, काढतो, आवाज पुन्हा स्पीकरवर येतो का, हे ऐकतो. माइक, कॅमेरा आणि दुसरा मॉनिटर तपासतो. आपल्या भाषेचा कीबोर्ड जोडून एक वाक्य टंकतो आणि जोडाक्षरे नीट उमटतात का, ते पाहतो. शेवटी झाकण बंद करतो, पाच मिनिटे थांबतो आणि पुन्हा उघडतो. सगळे सुरळीत असलेले लॅपटॉप या झाकणाच्या परीक्षेतच नापास झालेले मी पाहिले आहेत: पंखा फिरतो, दिवा जळतो आणि पडदा काळा तो काळाच. पेन ड्राइव्हवरून सगळे जरा मंद चालते, त्यामुळे वेगाचा अंदाज मात्र यावरून बांधू नये. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल, तर वितरणाची निवड करताना त्याचा ड्रायव्हर किती सहज चढतो, हेही पाहावे. उबुंटू आणि मिंटमध्ये त्यासाठी वेगळी खिडकी आहे. सिक्युअर बूट, म्हणजे सह्या तपासूनच संगणक सुरू करण्याची सोय, चालू असल्यास पुढच्या बूटच्या वेळी एक निळा पडदा येऊन किल्ली नोंदवायला सांगतो, त्याला घाबरून एंटर दाबत सुटू नये.

अनुभवाच्या प्रश्नाकडे लोक शिडीसारखे पाहतात: आधी मिंट, मग फेडोरा, मग आर्च आणि शेवटी प्रोग्राम प्रामुख्याने सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, तयार करायला लावणारे जेंटू. मला हे पटत नाही. अनेक वर्षे सर्व्हर सांभाळणारी माणसे घरच्या संगणकावर डेबियन किंवा उबुंटू ठेवून सुखी असतात आणि एखादा विद्यार्थी पहिल्याच महिन्यात आर्च बसवून पार्टिशन, बूटलोडर, माउंट या गोष्टी नीट शिकतो. फरक हौसेचा आणि मोकळ्या वेळेचा आहे. शिकण्यासाठीच आर्च किंवा जेंटू हवे असेल, तर ते व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) किंवा दुसऱ्या संगणकावर बसवावे. उद्या काम सादर करायचे आहे, त्या एकुलत्या एका यंत्रावर ब्राउझर सोर्सपासून कंपाइल करत बसण्यात शहाणपण नाही. आर्चचे विकी मात्र कोणतेही वितरण वापरणाऱ्याने हाताशी ठेवावे. इतके नेटके तांत्रिक लेखन क्वचितच वाचायला मिळते.

वितरणामागे कोण उभे आहे, हेही पाहावे लागते. सेंटओएस ८ या सर्व्हरसाठी वापरल्या जाणाऱ्या वितरणाला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, या हिशेबाने अनेकांनी सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत २०२१ च्या अखेरीपर्यंत आणल्याची घोषणा झाली आणि लोकांच्या हातात जेमतेम वर्ष उरले. त्या पोकळीतूनच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. एका माणसाच्या उत्साहावर चाललेल्या सुंदर, देखण्या वितरणांबाबत तर हा विचार दुपटीने करावा. डिस्ट्रोवॉच या वितरणांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाच्या यादीत एखादे वर आहे, हा पुरावा नव्हे. तो क्रमांक त्या संकेतस्थळावरील पान किती वेळा उघडले गेले त्याचा असतो, ते वितरण किती जण वापरतात त्याचा नसतो.

डेस्कटॉपच्या दिसण्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई हे बहुतेक मोठ्या वितरणांत मिळतात आणि नंतरही बदलता येतात. फक्त मुळात नसलेली गोष्ट एक्स्टेंशन लावून आणावी लागत असेल, तर ती गोष्ट मुळातच असलेला डेस्कटॉप घ्यावा. हा धडा मला त्या फोनने शिकवला.

सध्या माझ्या कामाच्या संगणकावर डेबियनची स्थिर शाखा आहे आणि जी तीन-चार साधने मला ताजी हवी असतात, ती फ्लॅटपॅकमधून, म्हणजे कोणत्याही वितरणावर चालणाऱ्या वेगळ्या पॅकेजांतून, घेतलेली आहेत. तळ जुना आणि वरचे प्रोग्राम नवे, अशी ही तडजोड मला मानवली आहे. सतत पुढे सरकणारे वितरण एका जुन्या लॅपटॉपवर आहे आणि शनिवारी सकाळी चहा घेताना मी त्याला अपडेट देतो. वडिलांच्या लॅपटॉपवर मिंट २२ आहे. त्यातली खालची पट्टी सिनेमन या तिथल्या डेस्कटॉपची स्वतःचीच आहे, त्यामुळे ती आजवर हललेली नाही. या आवृत्तीची मुदत २०२९ मध्ये संपेल, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी कागदाच्या चिकटपट्टीवर '२०२९' असे लिहून ती लॅपटॉपच्या पोटाशी चिकटवली आणि म्हणाले, "तोवर कुणी हात लावायचा नाही."