कोरड्या हवेचा धडा

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा काय लिहावे हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. स्नेहसंमेलने, सहली आणि आंतरशालेय सामने यांवर माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे माझ्याच तुकडीत बसत होते आणि ते लिहितीलच. मी लिहिणार आहे ते आठवीच्या विज्ञानातल्या एका लहानशा धड्याविषयी. ‘स्थितिक विद्युत’ या धड्यावर वार्षिक परीक्षेत दोन-तीन गुणांपलीकडे काही येत नसे आणि म्हणून आम्ही तो मनावरही घेत नसू. पुढे याच धड्यावर माझी बत्तीस वर्षांची नोकरी झाली.

१९८० सालचा जुलै महिना होता. पुस्तकातल्या क्रमाने धडा आला आणि सरांनी नेहमीचा प्रयोग मांडला: कंगवा केसांवर घासायचा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा. कपटे ढिम्म हलले नाहीत. सरांनी वर्गातल्या पाच-सहा मुलांना पुढे बोलावून त्यांच्या केसांवर कंगवा घासून पाहिला, तरी तेच. बाहेर झड लागली होती, आमचे शर्ट ओले होते, आणि घराघरांतल्या आयांनी आमच्या डोक्यांना खोबरेल तेल असे चापून लावलेले होते की त्यावर कंगवा नुसता घसरत होता. मागच्या बाकांवर हशा पिकला. दुसरे कोणी असते तर ‘कपटे आकर्षित होतात, असे लिहून घ्या’ म्हणून पुढच्या धड्याकडे वळले असते. सरांनी मात्र पुस्तक मिटले आणि हा धडा आपण पौष-माघात घेऊ, असे सांगून टाकले. अभ्यासक्रमाचे वेळापत्रक हवेच्या सोयीने बदलणारा शिक्षक मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

जानेवारीत तो धडा पुन्हा उघडला. आपल्या भागातली थंडी किती कोरडी असते, हे इथे वाढलेल्यांना सांगायला नको. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात आणि दोरीवरचे धोतर तासाभरात वाळते. सरांनी आदल्या दिवशी घरचा अभ्यास म्हणून एकच गोष्ट सांगितली होती: रात्री दिवा मालवून अंगातला स्वेटर सावकाश काढायचा आणि काय दिसते ते वहीत लिहायचे. माझा शर्ट टेरिकॉटचा होता. अंधारात स्वेटर डोक्यावरून ओढताना तडतड आवाज झाला आणि निळसर ठिणग्यांची एक ओळ खांद्यापासून कोपरापर्यंत धावत गेली. आजीने देवाचे नाव घेतले. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितले की, अशा ठिणगीमागचा दाब काही हजार व्होल्टचा असतो; मात्र प्रभार (चार्ज) इतका थोडा असतो की त्याने कसलीही इजा होत नाही. घरातल्या २३० व्होल्टला घाबरणाऱ्या आम्हाला हे पचायला वेळ लागला.

जुलैत प्रयोग का फसला, याचे उत्तरही तेव्हाच मिळाले. दमट हवेतून वीज वाहून जाते असे पुष्कळ जण म्हणतात, पण ते तितकेसे खरे नाही. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि घासून जमा झालेला प्रभार त्या थरावरून निसटून जातो. म्हणजे कंगव्यावर प्रभार जमतच नव्हता असे नाही. जमत होता आणि आम्ही कपट्यांपर्यंत पोहोचण्याआधीच गळून जात होता. ‘गळती’ हा सरांचा शब्द. तो मी पुढे बत्तीस वर्षे वापरला.

संस्कृतच्या बाईंनी त्याच आठवड्यात एक भर घातली. पिवळ्या, राळेसारख्या अंबर नावाच्या खड्याला आपल्याकडे तृणमणी म्हणतात, कारण तो घासला की गवताची काडी ओढून घेतो. ग्रीक लोक त्याच खड्याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत, आणि १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने त्यावरूनच या आकर्षणाला नाव दिले. सगळ्या जगाने ग्रीक नाव उचलले. आपले नाव गुण थेट सांगणारे असूनही कोशात पडून राहिले, याची मला आजही थोडी हळहळ वाटते.

त्यानंतर सरांनी जे केले, ते त्या तुकडीतला कोणीही विसरला नसेल. घरून लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी आणली, शिपाईमामांना पानपट्टीवर पाठवून सिगारेटच्या पाकिटांतली चांदी गोळा करवली आणि ती बरणीच्या बाहेरून खळीने चिकटवली. आत मिठाचे पाणी, वर प्लॅस्टिकचे झाकण आणि झाकणातून पाण्यात बुडेल असा लांब खिळा. मग प्लॅस्टिकच्या नळाचा हातभर तुकडा मफलरवर घासून तो खिळ्याच्या डोक्यावरून ओढायचा, पुन्हा घासायचा, पुन्हा ओढायचा, असे चाळीस-पन्नास वेळा झाले. आम्ही बारा जणांनी हात धरून साखळी केली. पहिल्याने बरणी बाहेरून धरली आणि शेवटच्याने खिळ्याला बोट लावले. बाराही जण एकदम दचकले. १७४६ साली फ्रान्सच्या राजासमोर अॅबे नोले याने १८० शिपायांना अशाच साखळीत उभे करून एकदम उडवले होते, हे सरांनी नंतर, आमची मनगटे चोळून झाल्यावर सांगितले. नेदरलँड्समधल्या लायडन शहरावरून या बरणीला लायडनची बरणी म्हणतात, पण आमच्या तुकडीत तिचे नाव ‘लोणच्याची बरणी’ असेच राहिले.

आकाशातल्या विजेचा विषय निघाला तो वर्गातल्या एका मुलामुळे. तो पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेला होता. पायाळू माणसावर वीज पडते म्हणून वळवाचे ढग आले की त्याची आजी त्याला घराबाहेर पडू देत नसे, आणि आम्हीही त्याच्यापासून जरा लांबच उभे राहत असू. सरांनी आजीची थट्टा केली नाही. वळवाच्या ढगात खूप उंचावर, जिथे तापमान शून्याच्या बरेच खाली असते तिथे, बर्फाचे बारीक स्फटिक वर जाताना आणि जड होत चाललेल्या मऊ गारा खाली येताना एकमेकांवर आपटतात. बहुतेक वेळा स्फटिक धन प्रभार घेऊन ढगाच्या माथ्याकडे जातात आणि गारांचा ऋण प्रभार ढगाच्या तळाशी साठतो, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवले. तळाचा हा प्रभार जमिनीकडे झेपावतो तेव्हा त्याची वाट सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. ती हवा एकदम फुगते आणि त्याचाच गडगडाट होतो. वीज माणसाचा जन्म कसा झाला ते पाहत नाही. ती उंच आणि एकटे काय आहे ते पाहते. म्हणून झाडाखाली थांबू नये, घर किंवा बंद वाहन जवळ असेल तर तिथे जावे, आणि उघड्यावर सापडलोच तर पाय जुळवून उकिडवे बसावे. गुरे अधिक दगावतात त्याचे एक कारण हे की, त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असते आणि जमिनीतून पसरणाऱ्या विजेचा दाब त्या अंतराप्रमाणे वाढतो. आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप मोबाइलवर आसपासच्या विजांची सूचना देते. ते गावातल्या प्रत्येक गुराख्याच्या फोनमध्ये असायला हवे, असे मला वाटते.

दहावीची गुणपत्रिका घेऊन मी जिल्ह्याच्या गावी गेलो, तेव्हा आयुष्यातली पहिली झेरॉक्स काढली. यंत्रातून कागद कोमट बाहेर आला एवढेच तेव्हा जाणवले. ते यंत्र म्हणजे सरांचा कंगवा आणि कपटेच आहेत, हे पदविकेला असताना कळले. चेस्टर कार्लसन याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अॅस्टोरिया भागात, गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून प्रभारित केला, काचेवर लिहिलेली तारीख आणि जागेचे नाव वर धरून त्यावर प्रकाश टाकला आणि वरून बारीक भुकटी भुरभुरली. प्रकाश पडला तिथला प्रभार गळून गेला होता; अक्षरांच्या सावलीत तो टिकला होता आणि तिथेच भुकटी चिकटली. पुन्हा तीच गळती, फक्त या वेळी हवी तिथे आणि हवी तेवढी.

माझी नोकरी औष्णिक वीज केंद्रातली. बॉयलरमधून निघालेला धूर चिमणीत जाण्याआधी ज्या अवाढव्य पेटीतून जातो, तिला आम्ही ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, म्हणजे प्रभाराच्या ओढीने राख अडवणारे यंत्र) म्हणतो आणि माझी बहुतेक वर्षे तिच्याच पायथ्याशी गेली. आपल्या कोळशात राख फार. २१० मेगावॅटचा वीजनिर्मितीचा एक संच दिवसाला सुमारे तीन हजार टन कोळसा जाळतो आणि त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक राखच असते. ईएसपीमध्ये पत्र्यांच्या उंच भिंती टांगलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध तारांवर दहा हजारांच्या काही पट व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. राखेचा कण तारेजवळून जाताना ऋण प्रभार घेतो आणि जमिनीशी जोडलेल्या पत्र्याकडे ओढला जाऊन चिकटतो. ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर पडतात आणि राखेचे पापुद्रे खाली हॉपर नावाच्या निमुळत्या कुंडात कोसळतात. यंत्रणा नीट चालली तर शंभरातले नव्याण्णवाहून अधिक टक्के राख चिमणीआधीच अडते.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एका उन्हाळ्यात आमच्या एका संचाच्या चिमणीतून काळपट धूर सुटू लागला. मीटरवर प्रवाह वाढलेला आणि दाब मात्र पडलेला. मी आधी तारा तपासल्या, इन्सुलेटर पुसून घेतले, हातोडे मोजले. आठवडा त्यात गेला आणि वरिष्ठांची बोलणी खावी लागली ती वेगळी. दोष राखेत होता. आपल्या कोळशात गंधक कमी असल्याने राख फार कोरडी आणि विजेला अडवणारी निघते. ती पत्र्यावर बसते पण आपला प्रभार पत्र्याला देत नाही. तो थरात साठत जातो, शेवटी थरच आतून फुटून ठिणगतो आणि उलट्या प्रभाराची फवारणी सुरू होते. जुलैतल्या कंगव्याच्या अगदी विरुद्ध गत! तिथे गळती जास्त होती, इथे गळतीच नव्हती. विजेचा पुरवठा सलग न ठेवता एक ठोका द्यायचा आणि पुढचे काही सोडायचे, म्हणजे थराला प्रभार सोडायला उसंत मिळेल, असे आम्ही केले. दोन दिवसांत चिमणीचा धूर पुन्हा जवळजवळ दिसेनासा झाला.

वार्षिक दुरुस्तीसाठी त्या पेटीत उतरण्याआधी पुरवठा बंद करून, चाव्या ताब्यात घेऊन, तारांच्या चौकटीला अर्थिंगचा रॉड लावायचा असतो. पहिल्यांदा तो लावताना हलका ‘चट्’ आवाज झाला. वीज केव्हाच बंद केलेली होती. उरला होता तो साठलेला प्रभार. माझ्यासोबतचा नवखा मदतनीस दचकला आणि हे कुठून आले म्हणून विचारू लागला. मी त्याला लोणच्याच्या बरणीची गोष्ट सांगितली.

महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत ऑगस्टमध्ये विज्ञान प्रदर्शन ठेवलेले दिसते आणि आठवीची मुले ही बरणी करून दाखवणार आहेत, असे मुख्याध्यापकांनी कळवले आहे. मी त्यांना उत्तरात एवढेच लिहिले आहे की, शक्य असेल तर हा एक प्रयोग जानेवारीवर टाकावा. ते जमत नसेल तर बरणीचे झाकण, नळाचा तुकडा आणि मफलर या तिन्ही वस्तू आधी अर्धा तास १०० वॉटच्या दिव्याखाली शेकाव्यात, आणि नळ घासणाऱ्या मुलाने त्या दिवशी हाताला तेल लागू देऊ नये.