दवाखान्यातील हवा : इंग्लंडहून बेळगावकरांसाठी

कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० रोजी इंग्लंडमधील दंतवैद्यांना नेहमीचे उपचार थांबवण्याचा आदेश मिळाला आणि दवाखाने पुन्हा उघडायला ८ जून उजाडला. मधल्या काळात फोनवरचा सल्ला, वेदनाशामक गोळ्या आणि असह्य दुखण्यासाठी ठरावीक तातडीची केंद्रे एवढाच आधार होता. तिकडे महाराष्ट्रातल्या चंदगडहून उपचारांसाठी कर्नाटकातल्या बेळगावला येणाऱ्यांना दाढदुखीत राज्याची सीमाही आडवी आली, हे ऐकून फार वाईट वाटत असे.

इथे काम करताना मला सर्वांत मोलाचा वाटलेला नियम हवेविषयीचा आहे. दात कोरणारे हँडपीस पाण्याच्या फवाऱ्यासह फिरते, तेव्हा लाळ आणि रक्त मिसळलेले अतिसूक्ष्म थेंब उडतात व बराच वेळ तरंगत राहतात. म्हणून सुरुवातीला अशा उपचारानंतर खोली तासभर रिकामी ठेवून मगच पुसून घेतली जाई. पुढे हा अवधी वायुवीजनावर ठरू लागला. खोलीतील हवा तासाला बारा वेळा बदलत असेल, तर ९९ टक्के कण निघून जायला सुमारे २३ मिनिटे लागतात. सहा वेळा बदलत असेल, तर ४६. रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा पातळ रबरी पडदा) लावला आणि जोरदार सक्शन (लाळ-पाणी ओढून घेणारी नळी) तोंडाजवळ धरले, तर मुळात थेंबच कमी उडतात. अतिसूक्ष्म कण अडवणारा एफएफपी-३ मास्क चेहऱ्याला नीट बसतो की नाही, हे कडू फवारा मारून तपासतात. कडवटपणा जाणवला, तर तो मास्क बाद.

आपल्याकडे गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात धुळीमुळे आणि बेळगावच्या पावसाळ्यात गारव्यामुळे खिडक्या बंदच असतात, आणि स्प्लिट एसी खोलीतील तीच हवा गार करून फिरवत राहतो. खर्चाची अडचण मी जाणतो; पण बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा फार महाग नाही, आणि खिडकी उघडणे शक्यच नसेल तिथे हेपा फिल्टर (हवेतील अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) असलेले यंत्र उपयोगी पडते. उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १३४ अंश सेल्सिअसला किमान तीन मिनिटे ठेवून निर्जंतुक करण्याची पद्धत बहुतेकांना ठाऊक असते, हवेकडे मात्र दुर्लक्ष होते.

खानापूर-निपाणीहून बसने आलेल्या रुग्णाला दोन रुग्णांमधील रिकामा वेळ नकोसा वाटणे स्वाभाविक आहे. तरीही त्याने डॉक्टरांना घाई करायला लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उलट आधीच्या उपचारानंतर खोली किती वेळ मोकळी ठेवली आणि एक्झॉस्टची हवा रुग्ण बसतात त्या बाजूला तर येत नाही ना, हे त्यांना अवश्य विचारावे.