ढोल गप्प बसला तेव्हा

गोव्यातल्या एका शेफनं बारा सुऱ्यांची ऑर्डर दिली होती. सगळ्या आठ इंची, आणि अट एकच: पातं चकचकीत नको, काळपट-करडं हवं, वापरून ओरखडे पडले तरी दिसू नयेत असं. याला स्टोनवॉश म्हणतात. पातं आधी फेरिक क्लोराईडमध्ये बुडवून काळं करायचं, मग दगडगोट्यांबरोबर फिरवायचं. उंचवट्यावरचा काळेपणा निघून जातो, खोलगट जागी राहतो. फेरिक क्लोराईड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, सर्किट बोर्ड बनवणारे तेच वापरतात. प्रश्न फिरवायचं कशात, हा होता.

तोवर मी पाती हातानंच साफ करायचो. एकशेवीस, दोनशेवीस, चारशे असे पॉलिश पेपर चढत्या क्रमानं, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. एका पात्याला अर्धा दिवस. बारा पात्यांचा हिशेब मनातल्या मनात केला आणि मशीन शोधायला लागलो.

त्या दिवशी सकाळी उद्यमनगरात एका ओळखीच्या कारखान्यात गेलो. तिथं पितळी भागांची बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेली धारदार कोर, काढायला व्हायब्रो मशीन आहे. मोठ्या पातेल्यासारखं भांडं, मधे शंकू, खाली मोटर. मोटरच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला जड केलेली वजनं असतात, त्यामुळे भांडं थरथरतं आणि आतले सिरॅमिकचे तिकोनी खडे भोवऱ्यासारखे हळूहळू गोल फिरतात. बघत बसावं असं काम असतं ते. पितळेचे तुकडे खड्यांतून वर येतात, बुडतात, पुन्हा वर येतात.

मी पिशवीतून तीन पाती काढली. पाणी दिलेली, म्हणजे तापवून विझवून कडक केलेली, मग ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकी तापवून टेम्पर केलेली, पण धार न लावलेली. धारेच्या जागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडी मुद्दाम ठेवली होती. पहिलं पातं भांड्यात सोडलं. दोन मिनिटं बरं चाललं, मग शंकू आणि भिंत यांच्या मधे आडवं अडकलं आणि शाळेच्या घंटेसारखं वाजायला लागलं. आठ इंचाचं पातं आणि सहा इंचाची वाट. आमच्या मित्रानं हात घालून काढलं आणि म्हणाला, "भावा, तुझा माल या मशीनचा न्हाई. मोठं भांडं लागेल." मोठ्या भांड्याच्या मशीनची किंमत त्यानंच एका विक्रेत्याला फोन लावून विचारली. आकडा ऐकून मी पाती पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली. तरी येताना त्याच्याकडचे दहा किलो तिकोनी खडे विकत घेऊन आलो, कारण घरी माझा दुसरा डाव तयार होता.

दुसरा डाव म्हणजे आठ इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा, सव्वा फुटापेक्षा थोडा जास्त लांब, दोन्ही टोकांना टोपण, आणि एका टोपणाला आतून रबरी वायसर. खाली बेअरिंगवर दोन रोलर, त्यातला एक मोटरला जोडलेला. पाव एचपीची मोटर, १४४० फेऱ्यांची. मोटरवर दोन इंची पुली, रोलरच्या दांड्यावर सहा इंची, म्हणजे दांडा मिनिटाला ४८० फेरे. दोन इंची रोलरवर आठ इंची पाईप, म्हणजे ढोल १२० फेरे. मला १२० हा आकडा छान वाटला होता. जास्त फिरेल, लवकर होईल.

निम्म्याहून थोडे जास्त खडे भरले, वर येईल इतकं पाणी, थोडा भांडी घासायचा साबण, एक पातं. बटण दाबलं. पहिले दोन-तीन फेरे दणदणीत आवाज आला, समुद्रावर लाट मागं सरकताना गोटे वाजतात तसा. आणि मग एकदम शांतता. मोटरची घरघर तेवढी. ढोल फिरतोय, मी कौतुकानं बघतोय. मला वाटलं, किती गुळगुळीत चाललंय.

शेजारचे आप्पा कट्ट्यावर बसले होते. फाउंड्रीत तीस-एक वर्षं फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग साफ करायच्या कामाला होते, कान जवळपास गेलेत, आपण बोललेलं दोनदा सांगावं लागतं. ते उठून दारात आले.

"काय रं, बंद पडली व्हय मशीन?"

"न्हाई आप्पा, चालू हाय. बघा की, फिरतंय."

"मग आवाज कुटं गेला?"

मी परत ढोलाकडं बोट दाखवलं. आप्पांनी मान हलवली. "ढोल गप बसला की समजायचं, आतला माल भितीला चिकटून बसलाय. आमच्यात बिडाच्या चांदण्या टाकायचो ढोलात, कास्टिंगची वाळू झडायला. जोरात फिरवला की सगळं गप. वाळू तशीच."

फाउंड्रीतल्या माणसाला जे कानानं कळलं ते मला डिप्लोमाच्या वर्गात शिकवलं होतं, बॉल मिलच्या, म्हणजे आत गोळे टाकून दळायच्या फिरत्या ढोलाच्या धड्यात, आणि मी साफ विसरलो होतो. ढोल ठरावीक वेगाच्या वर गेला की केंद्रापासून बाहेर फेकणाऱ्या जोरामुळे आतलं सगळं भिंतीला दाबलं जातं, वरून खाली पडतच नाही. तो वेग काढायचं सूत्र सोपं आहे: ४२.३ ला ढोलाच्या मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमूळानं भागायचं. माझा ढोल ०.२ मीटर, वर्गमूळ ०.४४७, उत्तर साधारण ९५. मी फिरवत होतो १२०. आतले खडे आणि पातं एकमेकांना घट्ट धरून जत्रेतल्या पाळण्यासारखे नुसते गोल फिरत होते. वीस मिनिटांनी काढलेल्या पात्यावर एक ओरखडा नव्हता.

संध्याकाळी पुन्हा उद्यमनगर. बारा इंची पुली आणि लांब बेल्ट. आता दांडा २४०, ढोल ६०. म्हणजे त्या ९५ च्या साठ-पासष्ट टक्के. या वेगात खडे भिंतीबरोबर थोडे वर चढतात आणि उतरंड कोसळावी तसे घसरत खाली येतात. बटण दाबलं आणि गल्लीभर खळखळाट सुरू झाला. आई आतून ओरडली, आप्पा हसले. अर्ध्या तासानं पातं काढलं तर हवं होतं तेच. काळपट, मधेमधे करडं, नदीतल्या गोट्यासारखं मऊ दिसणारं. हातानं अर्धा दिवस घासून ते मला जमलं नसतं, कारण हाताचे ओरखडे एका दिशेनं जातात आणि याचे कुठल्याच नाही.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण रात्रीचे नऊ वाजले होते, अकरा पाती राहिली होती, आणि मला हाव सुटली. दोन पाती एकदम टाकली.

पाचेक मिनिटांत आवाज बदलला. खळखळीच्या मधूनच एक बारीक, कडक 'टण'. खड्यावर पातं आपटलं की तसा आवाज येत नाही. मला कळलं होतं, तरी मी "असेल काहीतरी" म्हणून आणखी दहा मिनिटं चालू ठेवलं. उघडलं तर एका पात्याचं टोक तीन मिलिमीटर गेलेलं आणि दुसऱ्याच्या पाठीवर खाच. साठ रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) आसपासचं पोलाद पोलादावर आपटलं तर दोघांपैकी एक हरणारच, आणि टोक सगळ्यात पातळ असतं. सिरॅमिकचा खडा लहान, हलका, त्याच्या माराला पातं दाद देत नाही. पण दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचं दुसरं पातं वरून पडलं की विषय संपला.

व्हायब्रोमध्ये हे झालं नसतं, हे मला मान्य आहे. तिथं पाती खड्यांत बुडून चालतात, एवढ्या उंचीवरून पडत नाहीत. वेळ लागतो, पण टोकं वाचतात. कुणी रोज पन्नास पाती काढत असेल तर त्यानं कर्ज काढून मोठं व्हायब्रोच घ्यावं. माझ्यासारख्या महिन्याला दहा-बारा करणाऱ्याला ढोल पुरतो, फक्त एका वेळी एक पातं आणि कान जागे.

टोक गेलेलं पातं घासून साडेसहा इंचाचं केलं. शेफच्या ऑर्डरीत ते चाललं नसतं, म्हणून एक नवीन पातं कापायला घेतलं. दुसऱ्या दिवशी एकेक करत बसलो. एका पात्याचा अर्धा तास होईपर्यंत आधीचं पातं धुवायचं, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, पुसायचं, तेल लावायचं. दहावं ढोलात असताना मोटर बंद करून जेवायला गेलो. पाऊण तासानं आलो तर ओल्या खड्यांत पडलेल्या पात्यावर नारिंगी ठिपके. माझी पाती ज्या पोलादाची, त्या ईएन-३१ मध्ये क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास, ते कडकपणासाठी असतं, गंजापासून वाचवायला नाही. पुन्हा घासलं, पुन्हा काळं केलं, पुन्हा ढोलात.

त्याच वेळी त्या व्हायब्रोवाल्या विक्रेत्याचा फोन आला.

"साहेब, मशीनचं काय ठरलं?"

मी उत्तर द्यायच्या आत तोच म्हणाला, "कुठं आहात? मागं खडी टाकायलेत का?"

"घरीच आहे," म्हटलं, आणि फोन कानाला धरूनच ढोलाकडं बघत राहिलो. खळखळ नीट चालू होती.