लेकीची बेरा टेस्ट, तीन गुरुवार आणि टाळूचं तेल

लेकीच्या कानाच्या तपासणीच्या दोन फेऱ्या वाया गेल्या त्याचा राग अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

लेक ३४ आठवड्यांतच जन्मली, १.८ किलो, वर कावीळ, १२ दिवस काचेच्या पेटीत. ते सगळं नीट पार पडलं. घरी सोडताना कानाची ओएई तपासणी केली (कानात बारीक आवाज सोडून आतला कान प्रतिसाद देतो का ते बघतात), डावा कान 'रेफर', म्हणजे पास नाही, पुढे तपासा. महिन्याने परत केली, परत रेफर. नवीन बाळाच्या कानात चिकट द्रव राहिला तरी पहिल्यांदा असं येतं, पण दुसऱ्यांदा आलं की बेरा करायचीच, म्हणजे डोक्याला वायरी लावून आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघायची टेस्ट. पेटीत राहिलेल्या बाळांची तर कराच, कान ठीक पण आतली नस नीट काम करत नाही हे ओएईत कळतच नाही.

सासूबाई म्हणायच्या, "अगं, टाळी वाजवली की बघती की ती, कशाला पोरीला वायरी लावायच्या?" मलाही तसंच वाटायचं. पण टाळीची हवा लागते, हात हललेला दिसतो. आणि ऐकू न येणारं बाळसुद्धा सुरुवातीचे काही महिने आऽऊऽ करतं. पोटात असतानाच, साधारण २५व्या आठवड्यापासून बाळ ऐकायला लागतं, त्यावरच पुढे बोलणं येतं, म्हणून तीन महिन्यांच्या आत निदान आणि गरज असली तर सहाच्या आत कानाचं मशीन, असं ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी समजावलं.

तर बेरा. ही बाळ झोपलेलं असताना करतात. कोरेगावहून सकाळची एसटी पकडली, हादऱ्यांनी लेक गाढ झोपली आणि साताऱ्यात उतरली ती एकदम फ्रेश. नंबर येईपर्यंत बारा वाजले, ही टुकूटुकू पंख्याकडे बघतेय. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "झोपत नाही ना, पुढच्या गुरुवारी या." पुढच्या गुरुवारी कशीबशी झोपवून आत नेली, तर वायरीची टिकली, इलेक्ट्रोड, कपाळाला चिकटेचना. सकाळीच टाळू भरलेली, तेल कपाळावर ओघळलेलं. ती खरखरीत पेस्ट चोळून पुसता पुसता जागी झाली ती रडतच, परत पुढचा गुरुवार! मी जिन्यात बसून रडले. चिठ्ठीवर तारीख होती, वेळ होती, फीसुद्धा होती, मग 'तेल लावू नका, बाळाला जागं ठेवून आणा' एवढं लिहायला काय जात होतं? लांबलांबून बायका ओली बाळंतीण असताना येतात.

तिसऱ्या वेळी आदल्या रात्रीच डोकं धुतलं, गाडी करून गेलो, रस्ताभर ह्यांनी तळपाय चोळून चोळून तिला जागी ठेवली, दूध राखून ठेवलं. मॅडमना म्हटलं, आधी इलेक्ट्रोड लावा, मग पाजते. पिता पिताच झोपली. पाऊण तास मी खोकलेसुद्धा नाही. ३० डेसिबलच्या हळू आवाजालाही दोन्ही कानांत पाचवी वेव्ह आली, म्हणजे ऐकू येतंय, मॅडमनी स्क्रीनवर तो बारकासा उंचवटा बोटाने दाखवला आणि माझे हातपायच गळाले.

झोपेचं औषध डॉक्टरांनी दिलं तरच द्या, मनाने नाही. आणि हो, लवकर जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करून मोजतात, आमचे चाळीसला सहा कमी, त्यामुळे शेजारचं बाळ बसायला लागलं म्हणून जीव काढू नका.

आता नऊ महिन्यांची आहे, बाबाबाबा चालू असतं दिवसभर. वर्षाची झाली की कान परत एकदा दाखवायचेत. रिपोर्टची झेरॉक्स लसीच्या कार्डातच ठेवलीय, कारण दवाखान्यात प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं विचारतात.