लळिंगची फेरी: टेप लावल्यानंतरचा हिशोब

धुळ्याच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपसाठी या महिन्याची नोंद. लळिंग किल्ल्याच्या पायथ्याची आपली फेरी अखेर 50 मीटरच्या टेपने मोजून झाली. मोजायचं चाक मुद्दाम नेलं नाही; मुरमावर, ढेकळांवर ते उड्या मारतं आणि अंतर बरोबर दाखवत नाही. प्रत्येक वळणाची आतली बाजू धरून टेप लावला.

जीपीएसचं घड्याळ 2 किलोमीटर दाखवायचं, फेरी निघाली 2.07. नाल्याजवळच्या नागमोडी वाटेवर जीपीएस दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढतं आणि वळणं खाऊन टाकतं. म्हणजे चार फेऱ्या 8 नाही, 8.28 किलोमीटर.

आता माझ्या वेळा. क्रीडा संकुलाच्या 400 मीटर ट्रॅकवर 20 फेऱ्या 37:20. लळिंगला कोरड्या जमिनीवर 40:30. फरक 3 मिनिटं 10 सेकंद, आणि तो सगळा मी चढाच्या नावावर टाकत होतो. त्यातली सुमारे 82 सेकंदं नुसत्या जादा 280 मीटरची आहेत! उरलेला भार, म्हणजे ट्रॅकपेक्षा जादा लागणारा वेळ, किलोमीटरला साधारण 13 सेकंद, तो खरा चढ-उताराचा आणि वळणांचा.

पावसानंतर मात्र तीच वाट 42:50. अंतर तेच, पण काळी माती बुटाला थापली जाते, पाय उचलायलाच जोर लागतो. किलोमीटरला भार थेट 30 सेकंद. त्यामुळे एका मार्गाला काठिण्याचा एकच आकडा देणं मला पटत नाही. आपल्या खान्देशात तरी कोरडा आणि ओला असे दोन हवेतच.

मोठ्या स्पर्धांतही हाच हिशोब लागतो. 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हुसला झालेल्या जागतिक क्रॉस कंट्रीत (ट्रॅकऐवजी गवत-मातीवरच्या शर्यतीत) युगांडाचा जोशुआ चेप्तेगेई 31:40 मध्ये जिंकला. पुढच्याच वर्षी वॅलेन्सियात ट्रॅकवर 10,000 मीटर 26:11! पण आर्हुसचा मार्ग 10.24 किलोमीटरचा होता, म्हणजे त्याच्या वेगाने पाऊण मिनिट तिथेच गेलं. बाकीचं घेतलं चिखलाने आणि मार्गातल्या एका संग्रहालयाच्या उतरत्या छपरावरच्या चढाने. मार्ग असे वेगवेगळे असल्यानेच क्रॉस कंट्रीत जागतिक विक्रम धरत नाहीत.

पुढच्या आठवड्यात चढाचा तुकडा वेगळा मोजून त्याची वेळ वेगळी घेणार आहे. जळगावकरांनो, मेहरूण तलावाची तुमची फेरी टेपने मोजली असेल तर आकडा टाका. आणि वेळ लिहिताना जमीन कोरडी की ओली, तेवढं सोबत लिहा.