आज विमान कोणतं?

मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोत मी अकरा वर्षं औषधांचं बुकिंग बघते. माल पाठवणाऱ्या पार्टीचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, सगळ्यात आधीचं फ्लाइट कुठलं?" मी मात्र आधी विमान कोणतं ते बघते.

गेल्या मे महिन्यात नैरोबीला इन्सुलिन जायचं होतं, 2 ते 8 अंशांचा माल. बॅटरीवर तापमान राखणाऱ्या आरकेएन कंटेनरमध्ये भरला, ड्रीमलायनर या मोठ्या विमानात जागा पक्की केली. संध्याकाळी फोन आला, विमान बदललंय, छोटं 737 येतंय. प्रवाशाला सीट मिळाल्याशी मतलब. पण 737च्या पोटात कंटेनर जातच नाही. तिथे लोडर गुडघ्यांवर बसून एकेक पेटी रचतात. आमचा आरकेएन साधारण 160 सेंटिमीटर उंच. ए-320 कंटेनर घेतं, पण तेही बुटकेच.

"पेट्या काढून सुट्या चढवू का?" समोरून विचारलं. मी साफ नाही म्हटलं. पेट्यांना स्वतःचं इन्सुलेशन नव्हतं, आणि मे महिन्यात मुंबईचं ॲप्रन, म्हणजे विमानं उभी राहतात ती जागा, रात्रीही तापलेलंच असतं. पार्टी चिडली, खूप बोलली. माल कोल्ड रूममध्ये परत गेला आणि तीन दिवसांनी मोठ्या विमानाने निघाला. तापमान नोंदवणाऱ्या लॉगरचा आलेख आला तेव्हा पाच अंशांच्या आसपास सरळ रेघ होती. माझे बाबा रोज इन्सुलिन घेतात. ती रेघ मी बराच वेळ बघत बसले.

लोकांना उन्हाची धास्ती असते, मला थंडीची जास्त. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही. विमानाच्या पोटात हवेचा दाब केबिनसारखाच असतो, तापमान मात्र कप्प्याकप्प्यात वेगळं. ए-320मध्ये तर कप्पा गरम ठेवण्याची सोय विमान घेतानाच वेगळी मागावी लागते. त्यामुळे दिसायला सारख्या दोन विमानांतही फरक निघतो. नुसतं मॉडेल ऐकून मी बुकिंग करत नाही, होल्ड, म्हणजे मालाचा कप्पा, कुठला तेही विचारते.

ड्राय आइस असेल तर आणखी एक हिशोब. त्याचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो आणि बंद जागेत तो श्वासाला घातक, म्हणून प्रत्येक विमानाला किलोंची मर्यादा आहे. त्याच होल्डमध्ये कुणाचा कुत्रा चालला असेल तर मी माल पुढच्या फ्लाइटवर ढकलते.

आता संध्याकाळी चारला आणि परत आठला मी एअरलाइनला फोन लावते. विचारायचं एवढंच, विमान तेच आहे ना?