चंची, कापूर आणि सात टेकड्यांवरचं धुकं

पहाटे साडेपाचला कल्याणच्या एसटी स्टँडवर मी भाचीला म्हणाले, "सॅक बाकावर ठेव आणि खिशात काय आहे ते दाखव."

तिने ट्रॅकपँटच्या खिशात हात घातला. मोबाईल निघाला, लोकलचं तिकीट निघालं, संपलं. बाकी सगळं सॅकमध्ये होतं. टॉर्च, शिट्टी, औषधं, कोरडे कपडे, एकेक गोष्ट वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारलेली. पहिलाच ट्रेक आणि एवढी नेटकी तयारी, मला खरंच कौतुक वाटलं.

"आणि सॅक जवळ नसली तर?"

"आत्या, सॅक पाठीवरच असणार ना. जाईल कुठे?"

बारा वर्षांपूर्वी मला कुणी विचारलं असतं, तर मीही हेच उत्तर दिलं असतं.

आळेफाट्याकडे जाणारी गाडी लागली. मुरबाड मागे पडलं तसा पाऊस सुरू झाला आणि माळशेज घाटात तर खिडकीबाहेर नुसतं पांढरं. घाट चढून वर आलं की खुबी फाटा. तिथे उतरून पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून खिरेश्वरकडे पाचेक किलोमीटर चालायचं. एका हाताला धरणाचं पाणी, दुसऱ्या हाताला खाचरं, खाचरांत लावणी चाललेली. त्या बांधावर मी तिला ती गोष्ट सांगितली. घरात कुणालाच ती पूर्ण सांगितलेली नव्हती, तिच्या आजीला तर मुळीच नाही.

तेव्हाही जुलैच होता. आम्ही आठ जण याच वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. टोलार खिंड झाली, रेलिंगचा कातळटप्पा झाला आणि वरच्या पठारावर आलो. इथून गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत चढउतारांची वाट आहे, सगळे तिला सात टेकड्या म्हणतात. एक टेकडी उतरावी तर समोर तशीच दुसरी. साडेचारच्या सुमाराला सगळे टेकले. मी आणि माझी एक मैत्रीण सॅक तिथेच ठेवून कारवीच्या झुडपांआड गेलो. बायकांना ट्रेकवर हे करावंच लागतं, त्यात संकोच कसला. पाच मिनिटांत परत फिरलो, तर हात लांब केला की बोटं दिसेनात असं धुकं उतरलेलं. पुढच्यांना वाटलं, आम्ही मागच्यांबरोबर आहोत. मागच्यांना वाटलं, पुढे गेलो. आमच्या सॅक मात्र कुणीतरी मायेने उचलून नेल्या होत्या, आम्हाला ओझं नको म्हणून.

राहिलो आम्ही दोघी आणि अंगावर होतं ते.

अंगावर काय होतं ते मला आजही आठवतं. मैत्रिणीने जीन्स आणि सुती टी-शर्ट घातला होता. पाऊस थांबला म्हणून पोंचो सॅकमध्ये ठेवलेला. माझा टी-शर्ट नायलॉनचा होता, विंडचीटर कमरेला बांधलेलं. खिशात घराची किल्ली, दोनशे रुपये आणि भिजून लगदा झालेली काड्यापेटी. हातातल्या बांगडीला दोन सेफ्टी पिना.

आम्ही चालत राहिलो, ती चूक. वाट हरवली की जागा सोडायची नसते हे ऐकून माहीत होतं, पण थंडीत पाय स्वस्थ बसू देत नाहीत. तासभर फिरलो आणि मग एका कातळाच्या आडोशाला बसलो. पाऊस परत आला, आणि त्याच्यासोबत वारा. कुडकुडणं सुरू झालं. मैत्रीण चष्मा काढून खिशात ठेवू बघत होती आणि तिला खिसा सापडत नव्हता. बोटं चालेनाशी झालेली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "किती वाजले?" मी सांगितलं. दोन मिनिटांनी परत तेच, आणि या वेळी जीभ जड झाल्यासारखे शब्द एकमेकांत अडकत होते. मग तिचं कुडकुडणं कमी झालं. मला वाटलं, बरं वाटतंय तिला. ते बरं वाटणं नसतं. अंगातली ऊब संपत आली की शरीर कुडकुडायचंही सोडून देतं, हे मी नंतर शिकले.

बर्फ पडायला हवं असं काही नाही. ओले कपडे, वारा आणि रिकामं पोट असलं की आपल्या सह्याद्रीतला पाऊसही पुरतो. पाणी हवेच्या सुमारे 25 पट उष्णता वाहून नेतं, आणि सुती कापड ते पाणी धरून अंगाला चिकटून बसतं. उन्हाळ्यात सुतीसारखं सुख नाही, पण पावसात डोंगरावर तेच सुती कापड अंगातली ऊब शोषून घेतं. जीन्सचं तर विचारूच नका. भिजली की जड होते, गुडघा वाकू देत नाही आणि दुसऱ्या दिवशीसुद्धा वाळत नाही.

मी तिचा टी-शर्ट काढला, पिळला, माझं विंडचीटर तिच्या उघड्या अंगावर चढवलं. त्याची चेन अर्ध्यातच अडकली, तेव्हा बांगडीच्या पिना कामाला आल्या. कारवीच्या फांद्या मोडून खाली टाकल्या आणि तिला कुशीत घेऊन बसले. हाका मारल्या, घसा बसेपर्यंत. धुक्यात आवाज कापसात शिरल्यासारखा जिरत होता.

रात्री नऊच्या पुढे कधीतरी वरच्या अंगाने बॅटरीचा उजेड हलला. देवळाकडे निघालेला एक गावकरी होता. "कोन हाय?" म्हणाला, आणि जवळ येऊन मैत्रिणीकडे एकदा बघितलं. आणखी काही न विचारता डोक्यावरची घोंगडीची खोळ काढून तिच्यावर घातली. त्या घोंगडीवरून मी हात फिरवला होता. बाहेरून चिंब, लोकरीच्या टोकांवर पाण्याचे बारीक मणी, जड इतकी की एका हाताने उचलेना. मेंढीचा, धुराचा वास. आणि आत हात घातला तर ऊब! त्या माणसाच्या अंगाची ऊब तिच्यात तशीच राहिली होती. लोकर भिजली तरी ऊब धरते हे वाचून कळतं, पण मला ते त्या क्षणी तळहाताला कळलं. देऊळ तिथून अर्ध्या तासावर होतं.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. खिरेश्वर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे सगळं खिशात घालून चालायचं?"

सगळं नाही. सगळं घालायला गेलं की दोन ट्रेकनंतर कंटाळून काहीच घेतलं जात नाही. अंगावर तेवढंच ठेवायचं, जे रोज ठेवता येईल. माझी आजी शेतावर जाताना, पंढरीला जाताना कमरेला चंची खोचायची. पानसुपारी, चुनाळं, अडकित्ता तर असायचंच. पण शेवटच्या कप्प्यात सुईदोरा, सुंठेचा तुकडा आणि घडी घातलेली एक नोट. कुणाच्या पायात काटा मोडला, वाटेत चपलेचा अंगठा तुटला, पोरगं खोकायला लागलं, की आजीची चंची उघडायची. हे शहाणपण आपल्या बायकांकडे होतंच. आता आपल्या कपड्यांना धड खिसेच नसतात आणि ते मला फार खुपतं. बायकांच्या ट्रॅकपँटच्या खिशात मोबाईलसुद्धा पुरता मावत नाही. मी शिवणाऱ्या ताईंकडून प्रत्येक पँटला आतून चेनचा चोरखिसा लावून घेते.

गावात चहा घेताना मी माझा चोरखिसा तिच्यासमोर रिकामा केला. चपट्या डबीत कापराच्या वड्या आणि चार मिरी. माझी आई देवघरातल्या कापरात मिरी टाकते, तो उडून जाऊ नये म्हणून. डबीचं झाकण घट्ट असणं त्याहून महत्त्वाचं. कापूर पाण्यावर तरंगतानाही जळतो, ओल्या काटक्यांना तोच पेट घ्यायला लावतो. शेजारी लायटर, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे, तेही भिजले तरी जळतात. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, इथे हौसेने जाळ करायचा नाही; हे सगळं जीवावर बेतलं तरच. मग अंगठ्याएवढा टॉर्च. आणि जाड काळी कचऱ्याची पिशवी, सगळ्यात मोठ्या मापाची, घडी घालून तळहाताएवढी केलेली. शेंगदाण्याच्या चिक्कीच्या दोन वड्या. गळ्यात दोरीला शिट्टी, ती मात्र कधीच खिशात नाही. धडपडून हात अडकला तरी तोंडापर्यंत पोचली पाहिजे. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा वेळा. कुणी ऐकलं तर उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. घसा बसतो, शिट्टी बसत नाही. कागदावर घरचे दोन फोन नंबर आणि रक्तगट, कारण मोबाईल बंद पडला की एकही नंबर आठवत नाही. गडावर रेंज असते-नसते. आपल्या कंपनीची नसली आणि दुसऱ्या कुणाची असली तरी 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर लागू शकतो. एरवी फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.

चाकूबद्दल तिने विचारलंच. मी फळं कापायचा छोटा घडीचा ठेवते. मोठ्या चाकूंचं कौतुक इंटरनेटवर फार आहे, मला बारा वर्षांत त्याची गरज पडली नाही. सेफ्टी पिनांची पडली, दर ट्रेकला.

तिच्या सॅकमधून निम्मं सामान तिच्या अंगावर आलं. सुती टी-शर्ट तिने कल्याणलाच बदलला होता. माझ्या पिशवीत आईच्या हातचा विणलेला अर्ध्या बाह्यांचा लोकरी स्वेटर होता, तो तिच्या सॅकच्या अगदी वर ठेवला.

टोलार खिंडीपर्यंतच्या चढात विशेष काही नाही, दम लागतो आणि घाम येतो. खिंडीतल्या वाघाच्या शिल्पाला हात लावून पुढे निघालो. रेलिंगपाशी आधी तिचा पोंचो काढायला लावला. पोंचो सपाटीवर चांगला. कातळावर तो पायांपुढे येतो, पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही आणि वारा शिरला की शिडासारखा फुगतो. कातळावर आणि कड्यांवर आखूड विंडचीटर बरा. छत्री तर इथे आणूच नये. गडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, पाऊससुद्धा उलटा पडतो.

सात टेकड्यांवर धुकं आलं, येणारच होतं. या वेळी आम्ही दोघी एकमेकींच्या नजरेत होतो आणि हातात भरपूर वेळ होता. मी तिला एका कातळामागे नेलं आणि म्हटलं, "पिशवी काढ. आता बस आत."

तिने बंद टोकाला तोंडापुरतं भोक पाडलं, पिशवी डोक्यावरून खाली ओढली, गुडघे पोटाशी घेतले आणि सॅकवर बसली. जमिनीवर थेट बसायचं नाही, ऊब खालूनही जाते. दहा मिनिटं बसवलं. बाहेर मी, विंडचीटर असूनही, हात चोळत उभी होते. काळ्या प्लॅस्टिकवर पाऊस तडतडत होता, भोकातून तिचं नाक आणि डोळे तेवढे दिसत होते. सुरुवातीला ती हसत होती, मग गप्प झाली. मग म्हणाली, "आत्या, आत गरम व्हायला लागलंय." मी तिचा हात धरून बघितला. खरंच, बोटं माझ्यापेक्षा ऊबदार होती.

"तुझ्या मैत्रिणीकडे हे असतं तर?"

"तर मला तिला माझं नाव तीनदा सांगायला लागलं नसतं," मी म्हटलं. तेवढा भाग मी बांधावर गाळला होता.

देवळापाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. मंगळगंगा दुथडी वाहत होती, केदारेश्वराच्या गुहेकडे जाणं शक्यच नव्हतं. हरिश्चंद्रेश्वराचं दर्शन घेतलं आणि एका झोपडीत पिठलं-भाकरी सांगितली. मावशींची चूल पेटत नव्हती. लाकडं आठवडाभर भिजलेली, फुंकून फुंकून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं. भाची माझ्याकडे न बघता उठली, खिशातून मी दिलेली डबी काढली आणि कापूर त्यांच्यापुढे धरला.

मावशींनी दोन वड्या काटक्यांखाली सरकवल्या. काडी लावल्याबरोबर स्वच्छ पिवळा जाळ झाला, काटक्या आधी फसफसल्या आणि मग धरल्या. झोपडीत आरतीचा वास पसरला. भाचीने आणखी दोन वड्या पुढे केल्या, तेव्हा मावशींनी तिची मूठ मिटवून परत तिच्याकडे सारली.

"ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "उद्या उतरायचंय ना तुला."